होडीचा विश्रांतिकाळ

श्रोतेहो, जलविहाराचा विषय निघाला म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर एकतालांत पडणारीं वल्हीं, फेसाळलेलें पाणी आणि कांठावर जमलेली गर्दी हें चित्र उभें राहतें. सांगलीकरांना तर तें रंगवून सांगावयास नकोच. पावसाळ्यांत कृष्णा दुथडी भरली म्हणजे सांगलीच्या घाटांसमोर होड्यांच्या शर्यती लागतात. सांगलीवाडी, समडोळी, कसबे डिग्रज, कवठेपिरान अशा गांवांचे वल्हेकरी त्यांत उतरतात, आणि दोन्ही तीरांवर पाय ठेवण्यास जागा उरत नाहीं. परंतु शर्यत संपते, गणपति बोळविले जातात, दसरा-दिवाळी होऊन जाते, नदी आपल्या पात्रांत परत जाते. आणि जिच्या नांवानें एवढा जयघोष झाला ती होडी कांठावर कोठें तरी एका कुशीवर कललेली आढळते. तेथून पुढच्या ज्येष्ठापर्यंत तिचें काय होतें, अथवा काय व्हावयास पाहिजे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

होडीला विश्रांति कां घ्यावी लागते, याचें कारण देशोदेशीं निराळें असतें. कॅनडा किंवा उत्तर युरोप अशा प्रदेशांत हिंवाळ्यांत तळीं गोठतात. बर्फाच्या दाबाखालीं होडीचा सांगाडा चेंगरूं नये म्हणून तेथील लोक ती वेळींच बाहेर काढतात. आपल्याकडे पाणी गोठत नाहीं, तें ओसरतें. त्यांतही गंमत अशी कीं, कृष्णेच्या एकाच खोऱ्यांत दोन पंचांगें चालतात. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनीं १८४२ सालीं महाबळेश्वरीं बांधविलेल्या वेण्णा तलावांत, किंवा कोयना धरणानें निर्माण केलेल्या शिवसागर जलाशयांत, तापोळें आणि बामणोली येथें, नौकाविहाराला खरा बहर येतो तो पावसाळा सरल्यावर. वासोट्याच्या किल्ल्यावर जाणारीं तरुण मंडळी बामणोलीहून होडीनेंच निघतात. आणि २०२४ सालीं त्याच जलाशयाच्या कांठीं मुनावळें येथें सरकारनें जलपर्यटनाचें केंद्र उघडलें. म्हणजे घाटमाथ्यावरील होडी पावसाळ्यांत निजते व हिंवाळ्यांत राबते. सांगलीची शर्यतीची होडी मात्र पावसाळ्यांत धांवते व हिंवाळ्यांत निजते. तिची ही झोंप कशी जावी, यावर तिचें आयुष्य अवलंबून असतें.

प्रथम लांकडाचा स्वभाव समजावून घेऊं. हवा दमट असली म्हणजे लांकूड ओलावा पितें व फुगतें. हवा कोरडी झाली म्हणजे तें ओलावा सोडतें व आकसतें. हें फुगणें-आकसणें फळीच्या लांबींत जवळजवळ होत नाहीं. तें होतें रुंदींत. होडीच्या फळ्या लांबीनें एकमेकींशेजारीं बसविलेल्या असतात. म्हणून प्रत्येक फळी केसभर जरी आकसली तरी दर दोन फळ्यांमध्यें फट पडते. तीच फळी पाण्यांत असतांना फुगून शेजारणीला घट्ट भिडलेली असते. होडीला पाण्यापासून वांचविणारें पाणीच असतें, असें म्हटलें तरी चालेल. आतां ओली होडी बाहेर काढून तशीच उन्हांत टाकली, तर फळीचा बाहेरचा थर आधीं वाळतो, आंतला ओलाच राहतो, आणि या ओढाताणींत फळी चिरते. फट ही बुजवितां येते. चीर बुजली तरी फळीचें मूळचें बळ परत येत नाहीं. याच कारणानें आपला हिंवाळा होडीला मानवतो. ऊन सौम्य, पावसाची भीति नाहीं, हवा कोरडी पण दाहक नव्हे. लांकूड सावकाश व सारखें वाळतें. हेंच काम वैशाखावर ढकललें तर होडीचा घात होतो.

व्यवहारांत हें असें करावें. होडी बाहेर काढतांच आंतबाहेर स्वच्छ धुवावी. कोपऱ्यांत राहिलेला गाळ ओलावा धरून ठेवतो, आणि कूज तेथेंच लागते. नंतर ती सावलींत, जमिनीपासून हातभर उंच, तीनचार ओंडक्यांवर पालथी घालावी. दोनच टेंकू दिले तर मधला भाग आपल्याच वजनानें हळूहळू वांकतो. वरून कापड घालावें, परंतु खालून वारा खेळूं द्यावा.

पंधरवड्यानें तपासणी करावी. लांकडी हातोडीनें फळी ठोकीत जावें; निरोगी लांकूड खणखणीत बोलतें, कुजलेलें बद्द वाजतें. संशय आला तेथें चाकूचें टोंक टेंकून पाहावें. तें सहज रुतलें तर तेवढा तुकडा बदलण्यावांचून गत्यंतर नाहीं. खिळ्यांभोंवतीं लांकूड काळें पडलें असेल तर खिळा गंजला असें समजावें. सागाला होडीच्या कामांत इतका मान मिळतो, त्याचें एक कारण हें कीं त्याच्या अंगच्या तेलानें लोखंडी खिळ्याचें गंजण्यापासून बरेंचसें रक्षण होतें.

मग फटी भरावयाच्या. कापसाचा पीळ बोथट पात्यानें फटींत बसवून त्यावर राळ व तेल यांचें लुकण भरतात. येथें उत्साहाला आवर घालावा लागतो. कोरड्या होडींत कापूस ठासून भरला, तर पुढें फळ्या फुगल्या म्हणजे त्यांना जागाच उरत नाहीं. त्या एकमेकींना रेटतात आणि सांगाड्यापासून सुटूं लागतात. शेवटीं जवसाच्या तेलाचा हात द्यावा. हें तेल नुसतें सुकत नाहीं, तर हवेंतील प्राणवायु शोषून घट्ट पापुद्रा धरतें. ही क्रिया चालू असतां उष्णता निर्माण होते. म्हणून तेलानें भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यांत टाकूं नये, तो आपोआप पेटूं शकतो. चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्या. वल्हीं भिंतीला टेंकून उभीं ठेवूं नयेत, तीं वांकतात. आडवीं, तीन आधारांवर ठेवावीं.

आतां पत्र्याच्या व फायबरच्या होड्याही पाण्यावर दिसतात. त्यांना फुगण्याची व आकसण्याची पीडा नाहीं, पण म्हणून निश्चिंतीही नाहीं. पत्रा सांध्यांशीं गंजतो. उन्हांतील अतिनील किरणांनीं फायबरचा वरचा थर खडूसारखा भुरभुरीत होतो. यंत्र असेल तर त्यांतील इंधन काढून टाकावें, गाळ निघेपर्यंत स्वच्छ पाणी आंतून खेळवावें, आणि स्पार्क प्लग काढून आंत थोडें तेल सोडावें. सहा महिने नुसतें पडून राहिलेलें यंत्र ऐन वेळीं रुसतें.

येथवर सुताराचें व कारागिराचें काम झालें. घरांतील शाळकरी मुलांनीं हिंवाळ्याच्या संध्याकाळीं करण्यासारखें कामही आहे, आणि तें तितकेंच महत्त्वाचें आहे. तें म्हणजे आपल्या होडीचें गणित मांडणें. सपाट तळाची एक होडी पांच मीटर लांब व सव्वा मीटरहून थोडी कमी, म्हणजे १.२ मीटर रुंद आहे असें धरूं. तिचा तळ सहा चौरस मीटरांचा झाला. ती एक सेंटिमीटर खचली म्हणजे ६० लिटर पाणी बाजूस सारते, आणि आर्किमिडीजच्या नियमानें तेवढेंच, म्हणजे ६० किलोग्रॅम वजन अधिक पेलते. दर माणसागणिक होडी सुमारें एक सेंटिमीटर खालीं जाते, असा हा सोपा हिशेब आहे. मग कोणी म्हणेल, कांठ तर पाण्याच्या वर हातभर आहे. वीस काय, तीस माणसेंही बसतील! गणित फसवितें तें येथेंच. होडी खचून बुडण्याच्या पुष्कळ आधीं कलंडून बुडते.

याचा प्रयोग घरींच करावा. मोठ्या घंगाळांत पाणी भरून एक खोलगट थाळी तरंगत ठेवा. तींत चार वाट्या पसरून मांडा; थाळी शांत राहील. त्याच वाट्या एकावर एक रचा. वजन तेंच, पाण्यांत खचणेंही तेंच, पण बोटाचा धक्का लागतांच थाळी उलटेल. भार जितका उंच, तितका तोल नाजूक. होडींत उभें राहूं नये, एकाच बाजूस सरकूं नये, हे नियम नावाड्याच्या तिरसटपणांतून आलेले नाहींत. ते ह्या थाळींतून आलेले आहेत. समुद्रावरील जहाजांवर भाराची मर्यादा दाखविणारी रेघ असावी, असा कायदा सॅम्युअल प्लिम्सॉल यांच्या खटपटीनें इंग्लंडांत १८७६ सालीं झाला. तशी एक पांढरी रेघ आपल्या होडीच्या दोन्ही बाजूंस हिंवाळ्याच्या रंगकामांतच ओढून घेतली, तर ऐन गर्दींत वाद घालावा लागत नाहीं. रेघ पाण्याखालीं गेली, कीं शेवटचा माणूस उतरला पाहिजे.

ज्यांच्या गांवीं होडी नाहीं त्यांची होडी कोणती, हें कृष्णाकांठच्या माणसाला विचारावें लागत नाहीं. गुऱ्हाळांत रस आटविण्याची काहील पुराच्या वेळीं पाण्यांत सोडतात. तींत माणसें अथवा वैरण ठेवून पट्टीचे पोहणारे ती ढकलीत नेतात. हिंवाळ्यांत चुलवणावर आणि पावसाळ्यांत पाण्यावर, असें तिचें दुहेरी आयुष्य आहे. ती भार चांगला पेलते, परंतु गोल असल्यामुळें तिला नाक-शेपूट नाहीं. धारेंत ती भोंवऱ्यासारखी फिरते. म्हणून काहिलीच्या कडेला दोर बांधण्यास कड्या बसवावयाच्या असतील, तर त्याही गुऱ्हाळ संपतांच बसवून ठेवाव्या.

हिंवाळ्यांत करण्यासारखें आणखी एक काम नदीवर आहे. पावसाळ्यांत जें गढूळ पाण्याखालीं झांकलेलें असतें, तें या दिवसांत उघडें पडतें. खडक कोठें आहे, जुन्या बांधकामाचे अवशेष कोठें आहेत, पात्र कोठें अरुंद होऊन धार वाढते, हें सर्व कांठानें फिरून वहींत नकाशा काढून टिपून ठेवावें. कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यांत पावसाळ्यानंतर बरगे घालून पाणी अडवितात. त्यामुळें मागें संथ पाण्याचा लांबच लांब पट्टा तयार होतो, आणि नवशिक्यांना वल्हें धरण्याची संवय करण्यास तो उत्तम असतो. मात्र बंधाऱ्याच्या अगदीं जवळ जाऊं नये. वरून शांत दिसणारें पाणी तेथें खालून ओढीत असतें.

कोणी म्हणतील, हा सारा खटाटोप एका खेळासाठीं? त्यांना मी ऑगस्ट २०१९ ची आठवण देईन. त्या महिन्यांत आयर्विन पुलाशीं कृष्णा ५७ फुटांच्या पुढें गेली. धोक्याची पातळी तेथें ४५ फूट आहे. अर्धी सांगली पाण्यांत होती. सैन्याच्या, नौदलाच्या व आपत्ति प्रतिसाद दलाच्या होड्या बाहेरून आणाव्या लागल्या. तोंपर्यंत ज्या गांवीं जी होडी होती तीच आधार होती. त्याच पुरांत ८ ऑगस्ट रोजीं पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें, पुरांतून सुटण्यासाठीं निघालेल्या माणसांनीं खच्चून भरलेली नाव उलटली आणि अनेकांना, विशेषेंकरून स्त्रियांना व मुलांना, प्राणांस मुकावें लागलें. त्या दुःखाचा हिशेब येथें कोणाच्या माथीं मारावयाचा नाहीं. पण इतकें खरें कीं, पुराच्या दिवशीं होडीची डागडुजी होत नसते, पोहणें शिकतां येत नसतें आणि भाराची रेघही ओढतां येत नसते. खेळाच्या होडीला आणि संकटाच्या होडीला लागणारीं माणसें, वल्हीं व शिस्त हीं एकच असतात. ज्या गांवीं खेळ जिवंत आहे, त्या गांवीं तीं तयार सांपडतात.

यासाठीं एकेका मंडळानें हिंवाळ्याचा कार्यक्रम आधींच आंखून घ्यावा. कार्तिकांत होडी बाहेर काढावी व धुवावी. मार्गशीर्षांत तपासणी, पौषांत दुरुस्ती, माघांत तेल, रंग आणि भाराची रेघ. फाल्गुनांत नदीचा नकाशा पुरा करावा. चैत्र-वैशाखांत मुलांना पोहावयास शिकवावें. वाळलेला भोपळा पाठीशीं बांधण्याची आपली जुनी रीत शिकण्यापुरती चांगली आहे, परंतु होडींत बसणाऱ्या प्रत्येकाला मात्र अंगरख्यासारखें घालावयाचें जीवरक्षक जाकीटच हवें. ज्येष्ठांत होडी पाण्यांत सोडण्यापूर्वीं दोनतीन दिवस तिच्यांत पाणी भरून ठेवावें, म्हणजे फळ्या फुगून सांधे मिटतात. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ सालीं अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा झाला आहे, आणि त्यांत यंत्रावांचून चालणाऱ्या नावांच्या नोंदणीचाही विचार केलेला आहे. ती चौकशीही याच निवांत दिवसांत करावी. हें एका माणसाचें काम नव्हे, हें उघड आहे. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ पासून चालत आला आहे. विद्यार्थी दर चार वर्षांनीं बदलतात, तरी क्लब टिकतो, तो अशा वांटून घेतलेल्या कामामुळेंच टिकतो.

श्रोतेहो, येत्या रविवारीं मुलांना घेऊन घाटावर गेलांत, तर तेथील होडीकडे एकदां निरखून पाहा. ती ओंडक्यांवर सावलींत पालथी घातलेली असेल तर तिची काळजी घेणारें कोणी आहे असें समजा, व त्याला दोन शब्द चांगले बोला. ती चिखलांत कललेली असेल, तर चार माणसें जमवून ती आधीं वर ओढून घ्या. पुढचा पावसाळा अजून दूर आहे, आणि हातांत वेळ आहे.