जड धातूंचे विष, यकृत आणि वनस्पतींचे अर्क

जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळविणारे, रंगकाम किंवा ओतकाम करणारे बांधव आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचे असतील. "शिसे अंगात गेले तर अमुक पाल्याचा रस घ्या, लिव्हर साफ होते," असे सल्ले त्यांना हमखास मिळतात. त्यांत तथ्य किती, हे आम्ही येथे पाहणार आहोत.

अन्नपाण्यातून पोटात गेलेले शिसे, कॅडमियम, आर्सेनिक आतड्यातून रक्तावाटे यकृतात येतात. यकृताच्या पेशींत ग्लुटाथायोन नावाचे गंधकयुक्त द्रव्य असते. या धातूंना गंधकाची मोठी ओढ. ते त्याला चिकटतात आणि त्याचा साठा घटतो. एरवी हेच द्रव्य पेशीतील मुक्त मूलकांना आवर घालीत असते. तो आवर सुटला की पेशीच्या आवरणातील स्निग्ध पदार्थ बिघडतात, पेशी फुटते आणि आतील विकरे रक्तात उतरतात. रक्ततपासणीत एस.जी.पी.टी. वाढलेले दिसते ते यामुळेच.

प्रयोगशाळेत उंदरांना लेड ॲसिटेट वा कॅडमियम क्लोराइड देऊन सोबत वनस्पतींचे अर्क दिले गेले. हळदीतील कर्क्युमिन, मिल्क थिसल या काटेरी झाडाच्या बियांतील सिलिमरिन यांनी यकृताची हानी कमी झाल्याचे दिसले. आर्सेनिक दिलेल्या प्राण्यांत शेवग्याच्या बियांचाही उपयोग आढळला. ही द्रव्ये मुक्त मूलकांना निष्प्रभ करतात व ग्लुटाथायोन टिकवून धरतात. विद्यार्थ्यांनी मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. या प्रयोगांत अर्क बहुधा विषाच्या आधी किंवा विषाबरोबरच दिलेला असतो, आणि मात्राही मोठी असते. कामगाराच्या हाडांत वर्षानुवर्षे साठलेल्या शिशाची गोष्ट वेगळी. शिवाय खाल्लेल्या हळदीतील कर्क्युमिन माणसाच्या रक्तात फारच थोडे उतरते. शिसे बाहेर काढण्यासाठी डॉक्टर डी.एम.एस.ए. किंवा कॅल्शियम ई.डी.टी.ए. यांसारखी धातूला धरून लघवीवाटे नेणारी औषधे देतात. तीही रुग्णालयाच्या देखरेखीखालीच.

विचित्र गोष्ट अशी की कधी औषधातूनच विष येते. बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. बांगलादेशात हळकुंडांना पिवळाधमक रंग यावा म्हणून लेड क्रोमेट चोळले जात असल्याचे २०१९ साली उघडकीस आले. म्हणजे जी हळद यकृत राखण्यासाठी घ्यायची, तीच शिसे घेऊन येणार! मुंबईच्या डॉक्टरांनीही २०२१ साली गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली.

तेव्हा शिशाचे काम करणाऱ्याने रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी, असे आम्ही आग्रहाने सांगू. नुसती लिव्हरची तपासणी पुरेशी नाही. ती नॉर्मल येऊनही शिसे अंगात असू शकते. जेवणापूर्वी व विडी ओढण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. कामाचे कपडे कामावरच बदलावेत, कारण त्यांवरची धूळ घरातील लहान मुलांच्या पोटात जाते. मुलांच्या अंगात लोह कमी असेल तर शिसे अधिकच शोषले जाते.