पळणाऱ्याचा विसावा

नोकरीनिमित्त मी सियालदहला राहावयास आलो, तेव्हा दीर्घ पल्ल्याच्या धावण्याचे वेड बरोबर घेऊनच आलो. कोले मार्केटात भाजीचे हारे उतरत असता घराबाहेर पडावे आणि मैदानाला फेऱ्या घालून परतावे, हा नेम वर्षभर चालला. मग एके पहाटे बूट पाहूनच कंटाळा आला. पाय दुखत होतेच; पण त्याहून मन विटले होते.

असे का व्हावे? धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार त्याच स्नायूंवर, त्याच सांध्यांवर येतो. पोहताना पाणी आपले वजन पेलून धरते. हृदय आणि फुप्फुसे मात्र कामात राहतात. म्हणून आठवड्यातून दोन दिवस मी जवळच्याच कॉलेज स्क्वेअरच्या तळ्यात उतरू लागलो. पोहून कोणी धावपटू होत नाही, हे खरे. पायांना धावणेच शिकवावे लागते. परंतु तेथे शाळकरी मुले मला मागे टाकीत आणि त्याचे मला काहीच वाटत नसे!

कोलकात्याला ही गोष्ट नवी नव्हे. १९६२ साली जकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय फुटबॉल संघाचे कर्णधार चुनी गोस्वामी बंगालकडून क्रिकेटही खेळत. १९७१-७२ च्या रणजी अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध बंगालचे नेतृत्व त्यांनीच केले.

दुसरा खेळही ईर्ष्येने खेळला, तर तो विसावा न राहता नवे ओझे होतो. पुढे मीही तळ्यातल्या फेऱ्या मोजू लागलो होतो. आता मोजीत नाही. काठाला हात लागला की जरा तेथेच रेंगाळतो. आणि रविवारी पहाटे पाय मैदानाकडे वळतात.