धोटा आणि मन

जीवनाचा अर्थ आत्म्याला विचारण्याची आपल्याकडे रीत आहे. मी तो लालबाग-परळच्या गिरण्यांना विचारतो. तेथील विणाई खात्यात पगार अधिक. पण अस्पृश्याला मज्जाव. कांडी बदलली की विणकर धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढून घेई, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. छातीत जाणारी रुई मात्र कुणाला विटाळत नव्हती! १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. मालक एक, भोंगा एक, तरी मने एक का झाली नव्हती? विटाळ सुतात नव्हता. तो मनात होता, आणि मन जन्मासोबत तयार येत नाही. ते घडवले जाते. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी जो बुद्ध स्वीकारला, तो आत्मा नाकारतो आणि मनाला सर्वांआधी ठेवतो.