घरांतील गाण्याची खोली आणि तिच्यांतील मेज

अलीकडे पुष्कळ घरांतून तंबोऱ्याच्या शेजारीं संगणक, मायक्रोफोन व स्पीकर येऊन बसले आहेत, आणि त्यांच्याबरोबर एक नवा प्रश्नहि आला आहे. हीं सारीं उपकरणें मांडावयाचीं कोठें व कशीं? दुकानदार उपकरणांचे गुण सांगतो. खोलीचे दोष सांगण्याचें त्यास कांहींच कारण नसतें. प्रस्तुत लेखांत आम्ही या दुसऱ्या बाजूविषयीं लिहिणार आहोंत. आमचें उदाहरण चिखलदऱ्याचें आहे. आमचें कुटुंब वर्षांतील बराच काळ तेथें राहतें, व धाकट्या सूनबाई तेथूनच परगांवच्या विद्यार्थिनींस गाणें शिकवितात.

वऱ्हाडच्या वाचकांस चिखलदऱ्याची हवा सांगावयास नको. समुद्रसपाटीपासून सुमारें १,१०० मीटर उंचीचें हें ठिकाण. अकोल्यास वैशाखांत पारा ४५ अंशांच्या वर जातो, आणि लांकूड सुकून पेटीच्या फळ्यांस चिरा पडतात. आषाढांत चिखलदऱ्यास गाविलगडावरचें धुकें थेट माजघरांत येऊन बसतें. भोपळा, लांकूड व कातडें हीं तिन्ही ओल शोषणारीं. त्या ओलीनें तबल्याची पुडी सैल पडून स्वर उतरतो, तारांस गंज चढतो, सरसाचे सांधे उकलतात, आणि नाजूक मायक्रोफोन मधूनच तडतडूं लागतो. मंगळवेढ्याच्या बाजूस पिकलेला भोपळा मिरजेस तंबोरा होऊन येतो. या मिरजेच्या तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पण मानांकनाचा कागद कांहीं त्यास धुक्यापासून वांचवीत नाहीं.

प्रथम खोली. भरतमुनींनीं नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायांत नाट्यगृह पर्वताच्या गुहेसारखें असावें, त्याचीं वातायनें लहान असावींत व आंत वारा खेळूं नये, म्हणजे स्वरास गांभीर्य येतें, असें सांगितलें आहे. मंडप फार मोठा असला तर उच्चार अस्पष्ट होतात, हेंहि त्यांनीं नोंदलें आहे. आपल्या घरांतील खोली याच्या उलट टोंकाची. तींत स्वर हरवत नाहीं. तो भिंतींमध्यें कोंडून फुगतो. याचें गणित सोपें आहे. ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या भिंतींत आठ फूट, म्हणजे २.४४ मीटर, अंतर असेल तर त्यांच्यामध्यें सेकंदास सुमारें ७० आंदोलनांचा स्वर उभा राहतो. आतां काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारें ६९ आंदोलनांची असते. अशा खोलींत खर्ज छेडला कीं तो एका कोपऱ्यांत घुमतो व दोन हातांवर नाहींसा होतो. गाणाऱ्यास वाटतें तंबोरा बिघडला. लांबी, रुंदी व उंची तिन्ही सारखीं असलीं तर तिन्ही दिशांचे दोष एकाच स्वरावर येऊन पडतात. चौकोनी डब्यासारखी खोली म्हणूनच सर्वांत वाईट.

आमच्या घरीं रिकाम्या होण्याजोग्या खोल्या दोन होत्या. एक आठ फूट चौरस कोठी. दुसरी साडेनऊ फूट रुंद व चौदा फूट लांब, जी पाहुण्यांकरितां राखलेली होती. घरांतील बहुमत कोठीच्या बाजूचें होतें, कारण ती कोणाच्या वाटेंत नव्हती. आम्हीं दोन्ही खोल्यांत जुना पुरुषी तंबोरा लावून सर्वांस ऐकावयास बसविलें. कोठींतील खर्ज ऐकल्यावर वाद उरला नाहीं. पाहुण्यांचें काय हा प्रश्न मात्र उरला. त्याविषयीं पुढें.

सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं तारेच्या यंत्रावर श्रुतींचीं आंदोलनें मोजून १९१० सालीं आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. जें मोजण्यास त्यांस एवढा खटाटोप करावा लागला, तें आज खिशांतला फोन क्षणांत दाखवितो. तेव्हां खोलीची परीक्षा न घेण्यास कोणासहि सबब राहिलेली नाहीं. फोनहि नको असेल त्यानें नुसती टाळी वाजवावी. टाळीमागून पत्र्यासारखी झणझण आली, तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज परतवीत आहेत असें समजावें.

यावर उपाय म्हणून लोक भिंतींवर पातळ पडदे लावतात. पातळ पडदा तार स्वरांची धार तेवढी खातो. खर्ज त्यास जुमानीत नाहीं. अंड्यांचे पुठ्ठे लावण्याचीहि एक चाल आहे. आमच्या वाचकांच्या घरीं ते येण्याचा संभव थोडा, आणि आले तरी त्यांचा उपयोग नाहीं. चार इंच जाडीचें खनिज लोंकर चौकटींत बसवून, वर कापड ताणून, भिंतीपासून चार बोटें सोडून टांगावें. हें अंतर स्वराच्या दृष्टीनें हितकर आहेच. शिवाय भिंतीची ओल कापडास लागून बुरशी धरत नाहीं. चौकट कोठें टांगावी हें ठरविण्यास एकानें आपल्या बैठकीवर बसावें व दुसऱ्यानें बाजूच्या भिंतीलगत आरसा सरकवीत न्यावा. जेथें आरशांत स्पीकर दिसेल, तेथें चौकट. मात्र सगळी खोली लोंकरीनें मढवूं नये. ज्या खोलींत आपला आवाज आपल्यास परत येत नाहीं, तेथें गाणारा नकळत जोर लावूं लागतो, आणि रोज तीन-तीन तास शिकविणाऱ्या बाईचा घसा वर्षाच्या आंत बसतो. आमच्या मतें सर्व मांडणींत हीच बाब सर्वांत महत्त्वाची आहे. यंत्र बिघडलें तर दुसरें आणतां येतें.

आतां मेज. परदेशी नमुन्यांतील उंच मेज व फिरती खुर्ची आपल्या गाण्यास सोयीची नाहीं. तंबोरा घेऊन मांडी घातलेल्या मनुष्यानें एक कळ दाबण्यासाठीं दर वेळीं उठावें, हें कोणत्या सोयीचें? जुन्या पेढीवर मुनीम वापरीत तसलें बैठें डेस्क, सुमारें बारा-तेरा इंच उंच, जाड सागवानी फळीचें करवून घ्यावें. फळी किंचित् उतरती असली म्हणजे स्पीकरचा आवाज तिच्यावर आपटून सरळ कानांत येत नाहीं. खण एकच असावा, व त्यास आंतून बनात लावावी. सैल खण मंद्र सप्तकांत पेटीबरोबर वाजूं लागतो. मेजाचें तोंड खोलीच्या लांबीच्या दिशेस, आडव्या भिंतीच्या मध्यावर ठेवावें. बसणाऱ्याचें डोकें समोरच्या भिंतीपासून लांबीच्या निम्म्यावर कधींहि येऊं नये, कारण तेथें खर्ज बुडतो; आमच्या चौदा फुटांत तें सव्वापांच फुटांवर आहे. दोन स्पीकरांमधील अंतर व प्रत्येकापासून डोक्याचें अंतर हीं तिन्ही सारखीं ठेवावीं, आणि स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीस, म्हणजे जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर, स्वतंत्र तिवईवर असावेत. मायक्रोफोन पाठीमागून कमी ऐकणारा, ज्यास कार्डिऑइड म्हणतात तो, घ्यावा. तोंडापासून एक-दीड वीत, किंचित् तिरपा. आणि त्याची पाठ खिडकीकडे.

एवढें करूनहि पत्र्याच्या छपराखालीं आषाढांत चांगलें ध्वनिमुद्रण होत नाहीं. खालीं लांकडी तक्तपोशी घालून तिच्यावर लोंकर पसरली, तर झिमझिम पाऊस सोसतो. झड लागली कीं तेंहि थिटें पडतें. आमच्याकडे शिकवणी बारमाही चालते, मुद्रण मात्र दसऱ्यानंतर.

विजेच्या तारा व मायक्रोफोनची तार शेजारून नेऊं नयेत. ओलांडणें भागच असेल तर काटकोनांत ओलांडाव्या. नाहींतर ५० आंदोलनांची गुणगुण मुद्रणांत शिरते. काळ्या खडकांत अर्थिंगचा खड्डा लवकर कोरडा पडतो, म्हणून उन्हाळ्यांत त्यांत पाणी घालावें. वळिवाच्या विजा चमकूं लागल्या कीं सर्व पिना काढून ठेवाव्या.

पाहुण्यांची गोष्ट राहिली. एकत्र कुटुंबांत रिकामी दिसणारी खोली सर्वांची असते, व गाण्याची खोली गाणें थांबलें कीं रिकामीच दिसते. तींत प्रथम गाद्या येतात, मग लोणच्याच्या बरण्या, मग मुलांचीं दप्तरें. थोरल्या सूनबाईंचें म्हणणें असें कीं, घरच्या लेकी माहेरीं आल्या तर त्यांनीं निजावें कोठें? हें म्हणणें खोटें नव्हतें. शेवटीं माजघराचा अर्धा भाग लांकडी पडद्यानें वेगळा करून त्यांची सोय केली, आणि गाण्याच्या खोलीस आंतून कडी बसविली. घरांत आलेल्या सुनेस आंतून कडी लावतां येईल अशी खोली मिळणें ही आमच्या पिढींत ऐकिवांत नसलेली गोष्ट होती. सकाळीं सात ते नऊ त्या दारावर आतां कोणी थाप मारीत नाहीं. दूधहि मागल्या दारीं येतें.

राहतां राहिलें कपाट. तंबोरा व मायक्रोफोन यांकरितां दार घट्ट बसणारें कपाट करून तळाशीं २५ वॅटचा जुन्या तारेचा दिवा लावावा, नवे एल.ई.डी. दिवे या कामीं निरुपयोगी, कारण त्यांस ऊब नाहीं. दिव्याभोंवतीं जाळी असावी व वाद्य त्यापासून हातभर दूर. आंत आर्द्रतामापक टांगून कांटा ४५ ते ५५ टक्क्यांत राखावा. खालीं गेला कीं दिवा मालवावा. परतवाड्याहून घाट चढून आणलेला तंबोरा आल्याबरोबर खोळींतून काढूं नये. रात्रभर तसाच निजवून दुसऱ्या दिवशीं जुळवावा.