माल संपला तरी चालेल, पत संपू देऊ नका
ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या शेतकरी कंपन्या आणि बचत गटांसाठी चार हिशेबाच्या गोष्टी

आठवडी बाजारात माल संपला की शेतकरी पाल गुंडाळतो, ताडपत्री खांद्यावर टाकतो आणि गाडी धरतो. उशिरा आलेल्या गिऱ्हाइकाला रिकामी जागा दिसते. तो काय ते समजतो आणि पुढच्या बाजाराला लवकर येतो. कुणाची फसवणूक होत नाही की तक्रार येत नाही. ऑनलाइन दुकानाचे मात्र तसे नाही. ते पाल रात्री बारा वाजतासुद्धा उभेच असते. गोदामात गुळाची एक ढेप शिल्लक नसली तरी मोबाइलच्या पडद्यावर गूळ दिसतो, भाव दिसतो आणि ‘खरेदी करा’ हे बटणही दिसते. पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक पैसे भरून मोकळे होते आणि इकडे सकाळी गटात एकच प्रश्न, “आता गूळ आणायचा कुठून?”

हा प्रश्न आता थोड्या गावांपुरता राहिलेला नाही. कंपनी कायद्यात २००२ साली बदल होऊन शेतकरी उत्पादक कंपन्यांची वाट मोकळी झाली. २०२० साली केंद्र सरकारने दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभ्या करण्याची योजना आणली. त्याच वर्षीच्या टाळेबंदीत बाजार समित्यांचे व्यवहार अडखळले तेव्हा कोकणातल्या बागायतदारांनी हापूसच्या पेट्या थेट शहरातल्या सोसायट्यांत पोचवल्या. पुढे कुणी स्वतःचे संकेतस्थळ काढले, कुणी ‘ओएनडीसी’च्या जाळ्यात नाव नोंदवले, बचत गटांच्या मालासाठी ‘उमेद मार्ट’ आले. फोटो कसा काढावा, डबा कसा बांधावा, हे आपल्या माणसांनी शिकून घेतले. माल संपल्यावर काय करावे, याकडे मात्र अजून पुरेसे लक्ष जात नाही. आणि पत जाते ती नेमकी तिथेच.

गोदामातला आकडा वेगळा, विकायचा आकडा वेगळा

पहिली चूक होते ती मोजणीत. गोदामात साठ पाकिटे आहेत म्हणून दुकानात साठचा आकडा टाकला जातो. पण त्यातल्या चौदा पाकिटांचे पैसे कालच आलेले असतात, फक्त ती पाठवायची राहिलेली असतात. तीन पाकिटे फुटलेली किंवा ओल लागलेली असतात. म्हणजे विकायला मोकळी पाकिटे त्रेचाळीसच. साठ लिहिली तर सतरा गिऱ्हाइकांना आपण नसलेला माल विकणार.

म्हणून मालवहीत आवक, जावक आणि शिल्लक या तीन रकान्यांवर भागत नाही. ‘राखीव’ आणि ‘खराब’ असे आणखी दोन रकाने ओढावेत. शिल्लकेतून हे दोन्ही वजा केल्यावर जो आकडा येईल, तोच दुकानात टाकावा. माल परत आला तरी हाच नियम. घरपोच पैसे देण्याच्या बोलीवर गेलेली पार्सले कधी कधी तशीच माघारी येतात. पार्सल दारात आले म्हणून लगेच आकडा वाढवू नये. आधी फोडून पाहावे, माल धड असला तरच शिल्लकेत धरावा.

खाण्याच्या वस्तूंना तारखेचाही हिशेब असतो. ऑनलाइन विकलेला खाद्यपदार्थ गिऱ्हाइकाच्या हाती पडेल तेव्हा त्याची निदान तीस टक्के मुदत किंवा मुदत संपायला पंचेचाळीस दिवस शिल्लक असावेत, असे अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना बजावले. त्यामुळे मसाला, पापड, लोणचे यांची मुदत जवळ आली की तो माल ऑनलाइनच्या आकड्यातून काढावा आणि मुदतीच्या आत गावच्या बाजारात विकावा. आधी तयार झालेला माल आधी बाहेर पडेल अशी थप्पी लावावी, म्हणजे ही वेळच कमी येईल.

एकच माल तीन दुकानांत

दुसरी चूक याहून महाग पडते. समजा, बागेत चाळीस पेट्या तयार आहेत. स्वतःच्या संकेतस्थळावर चाळीस टाकल्या, दुसऱ्या बाजारपेठेवर चाळीस टाकल्या आणि व्हॉट्सअॅपच्या गटावरही ‘पेट्या तयार आहेत’ म्हणून सांगितले. एकीकडे पंचवीस गेल्या, दुसरीकडे वीस, फोनवर दहा. झाल्या पंचावन्न. पेट्या मात्र चाळीसच. पंधरा जणांना नकार द्यायचा, तो कुणाला?

तिन्ही ठिकाणचे आकडे आपोआप जुळवणारी सोय असते. ती परवडत असेल तर जरूर घ्यावी. नसेल तर माल वाटून टाकावा. स्वतःच्या दुकानाला वीस, बाजारपेठेला दहा, फोनवरच्या जुन्या गिऱ्हाइकांना पाच, आणि पाच हाताशी राखून ठेवाव्यात. एखादी पेटी डागी निघते, एखादी वाटेत आपटते, तेव्हा या पाच कामी येतात. एकीकडचा माल संपला आणि दुसरीकडे पडून राहिला, तर संध्याकाळी आकडे बदलावेत. हे काम एकाच व्यक्तीकडे असावे. चार जणांच्या हातात वही गेली की ती कुणाचीच राहत नाही.

संपण्याआधी कळायला हवे

माल एकदम संपत नाही. तो आठवडाभर आधी सांगून संपतो, आपण ऐकत नाही. समजा, गुळाची एक किलोची पाकिटे रोज सरासरी आठ जातात. गुऱ्हाळातून गूळ आणणे, पाकिटे भरणे, वजन करून लेबल लावणे याला सहा दिवस लागतात. आठ गुणिले सहा म्हणजे अठ्ठेचाळीस. गाडी मिळाली नाही, पाऊस आला, लेबले संपली, अशा अडचणींसाठी आणखी तीन दिवसांची चोवीस पाकिटे धरावीत. झाली बहात्तर. गोदामातला मोकळा माल बहात्तरवर आला की नव्या भरणीचे काम सुरू करायचे. सणाच्या तोंडावर खप दुप्पट होत असेल, तर हाच आकडा एकशे चव्वेचाळीस होतो.

दुकानाच्या प्रणालीतही असा इशारा लावता येतो. पुष्कळ लहान दुकाने ‘वूकॉमर्स’ या प्रणालीवर चालतात. त्यात माल कमी झाल्याचा इशारा मुळात दोन नगांवर ठेवलेला असतो. शेतमालाच्या दुकानाला तो उपयोगाचा नाही. दोन पाकिटे उरल्यावर जागे होणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे. तिथे आपला आकडा आपण टाकावा. त्याच प्रणालीत माल संपल्यावरही मागणी घ्यावी की नाही, हे वस्तूगणिक ठरवता येते. ज्या वस्तूची पुढची तारीख पक्की नाही, तिथे ‘घेऊ नये’ हेच ठरवून ठेवावे.

संपला, पण कसा संपला?

माल संपला की पुष्कळ जण त्या वस्तूचे पानच काढून टाकतात. हे चुकीचे आहे. ज्या गिऱ्हाइकाने पूर्वी गूळ नेला, त्याने त्या पानाचा पत्ता जपून ठेवलेला असतो, शेजाऱ्याला पाठवलेला असतो. गूगलवर शोधणाऱ्यालाही तेच पान सापडत असते. पान काढले की वाटच मोडते, आणि पुढच्या हंगामात ती पुन्हा पाडावी लागते. म्हणून आधी माल कोणत्या प्रकारे संपला ते पाहावे.

थोड्या दिवसांत येणारा माल असेल, तर पान राहू द्यावे, खरेदीचे बटण बंद करावे आणि ‘नवी भरणी अमुक तारखेच्या सुमारास’ असे स्वच्छ लिहावे. ‘माल आल्यावर कळवा’ अशी सोय ठेवली तर गिऱ्हाईक आपला मोबाइल नंबर देऊन जाते. ही यादी म्हणजे पुढच्या भरणीचा अंदाजच होय. किती भरावे ते तिच्यावरून कळते.

हंगामी माल संपला असेल, तर तसेच सांगावे. हापूस मुख्यतः मार्च ते मे एवढाच असतो आणि गुऱ्हाळे उसाच्या हंगामात पेटतात, हे शहरातल्या प्रत्येकाला ठाऊक असेलच असे नाही. ‘यंदाचा हंगाम संपला, पुढचा मार्चमध्ये’ एवढ्या एका ओळीने गिऱ्हाइकाचा विश्वास वाढतो. त्याच पानावर आमरस, कोकम, काजू असा हाताशी असलेला माल दाखवावा.

कायमचा बंद केलेला माल असेल, तर त्या पानावरून गिऱ्हाइकाला जवळच्या वस्तूकडे नेण्याची सोय करावी. न मिळणारी वस्तू वर्षानुवर्षे दाखवत बसू नये.

आगाऊ नोंदणी घ्यायचीच असेल, तर ती मोजून घ्यावी. मोहोर पाहून पेट्या विकल्या आणि अवकाळीने झोडपले, तर घेतलेले पैसे परत करताना तारांबळ उडते. अंदाजाच्या अर्ध्याच पेट्यांची नोंदणी घ्यावी, तारीख ‘सुमारे’ म्हणून सांगावी, आणि आलेले पैसे माल पोचेपर्यंत खर्चू नयेत.

पैसे घेतल्यावर माल नाही असे कळले तर

इतके करूनही कधी चूक होतेच. अशा वेळी गप्प बसणे सर्वांत वाईट. त्याच दिवशी फोन करावा आणि तीन वाटा सांगाव्यात. पैसे परत हवेत का? अमुक तारखेपर्यंत थांबाल का? की त्याऐवजी दुसरी वस्तू चालेल? निवड गिऱ्हाइकाची. पैसे परत हवे असतील तर ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने, पूर्ण, वाहतूक खर्चासकट परत करावेत.

इथे कायदाही आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० लहान विक्रेत्यांनाही लागू होतात. सांगितलेल्या मुदतीनंतर माल पोचला तर विक्रेत्याला तो परत घेणे किंवा पैसे परत देणे नाकारता येत नाही. आस्मानी संकटाने उशीर झाला तर गोष्ट वेगळी. तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत द्यावी लागते आणि निवारण महिन्याच्या आत करावे लागते. गिऱ्हाइकाकडे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहेच.

मोह कुठे होतो?

खरी कसोटी इथे लागते. पंधरा मागण्या हातात आहेत, पैसे खात्यात आहेत आणि आपल्या बागेतला आंबा संपला आहे. बाजारात कर्नाटकचा आंबा आहे, रंग तोच, भाव कमी. कुणीतरी म्हणतो, “भरा की पेटीत, कोण बघतंय?” गुळाचेही तेच. आपला संपला, तर बाहेरची ढेप आणून तीवर आपले लेबल.

कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये आणि कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावाखाली दुसरीकडचा माल विकणे हा गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब साधा आहे. ‘माल संपला’ असे ऐकलेले गिऱ्हाईक पुढच्या वर्षी पुन्हा विचारते. फसवलेले गिऱ्हाईक येत नाही, आणि दहा जणांना सांगते. त्यात एका गटाचे नाव जात नाही, साऱ्या गावाच्या मालावर शिक्का बसतो.

गावकारभाऱ्यांनी एवढे करावे

ग्रामपंचायत अधिकारी, सरपंच आणि सीआरपी ताई यांच्याकडूनही दोन गोष्टी अपेक्षित आहेत. तालुक्याला पाहुणे आले, सत्कार ठरला, की गटाला निरोप जातो, “पन्नास पाकिटं लगेच पाठवा.” प्रदर्शन लागले की गाडीभर माल उचलला जातो. गटाला नाही म्हणता येत नाही, आणि ऑनलाइनचा आकडा तसाच राहतो. शहरातल्या पन्नास जणांची निराशा होते ती अशी. कार्यक्रमासाठी माल हवा असेल तर चार दिवस आधी लेखी कळवावे, पैसे द्यावेत, आणि माल गोदामाबाहेर पडण्याआधी वहीत जावक पडली की नाही ते विचारावे.

दुसरे म्हणजे, गटाच्या मासिक बैठकीत खाते आणि कर्जफेड पाहतात, तशीच मालवहीही पाहावी. आठवड्यातून एक दिवस, बाजाराच्या आदल्या संध्याकाळी म्हणा, प्रत्यक्ष माल मोजून वही आणि दुकानातला आकडा पडताळावा. अर्ध्या तासाचे काम आहे. त्या अर्ध्या तासात कोणता माल खपतो, कोणता पडून राहतो आणि कोणता हिशेबाशिवाय बाहेर जातो, हे सगळे उजेडात येते. ज्या गटाला आपल्या गोदामात काय नाही हे नेमके सांगता येते, त्याने ‘आहे’ म्हटलेल्या मालावर गिऱ्हाईक डोळे मिटून पैसे भरते.