रवि वर्मांचे धाकटे बंधू

बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८८८ साली राजा रवि वर्मांना चौदा पौराणिक तैलचित्रांचं काम दिलं. १८९० च्या सुमारास चित्रं तयार झाली. मधले कित्येक महिने तर देशभर हिंडून प्रांतोप्रांतीचे पेहराव न् दागिने पाहण्यात गेले होते. एवढी मोठी चित्रं इतक्या लवकर एका हातून होत नाहीत. दुसरा हात होता सी. राज राज वर्मा यांचा. रवि वर्मांपेक्षा बारा वर्षांनी लहान असलेल्या या भावाचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

तैलरंग घाईला दाद देत नाही. जलरंगातलं पाणी उडून जातं. तैलरंगातलं जवसाचं तेल मात्र हवेतला प्राणवायू शोषून सावकाश घट्ट होतं. खालचा थर पुरता सुकण्याआधी वर घाईने रंग चढवला, तर पुढे भेगा पडायची भीती. म्हणून पहिले थर पातळ द्यायचे आणि वरच्या थरांत तेल वाढवत न्यायचं. रंगांचीही आपली चाल असते. अंबर हा मातकट तपकिरी रंग त्यातल्या मँगनीजमुळे लवकर सुकतो. काजळीचा काळा मात्र बरेच दिवस ओला राहतो. मुदत डोक्यावर असली की एकाच चित्रापुढे बसून भागत नाही. एक सुकतंय तोवर दुसरं हाती घ्यावं लागतं, आणि तिथे दोघं असल्याचा फायदा होतो.

चेहरे, हात, अंगकांती थोरल्याची. मागचे डोंगर, पाणी, झाडी, आकाश बरंचसं धाकट्याचं, अशी साधारण वाटणी. ऐकायला सोपी वाटते, पण खरी कसोटी दोघांचे रंग भेटतात त्या रेषेवर लागते. खांद्याची कड कापल्यासारखी राहिली, तर नायिका रंगवलेल्या पडद्यापुढे उभी केल्यासारखी दिसते. उजेड कुठून येतो, सावलीत निळी छटा किती, हे दोघांनी ब्रश उचलण्याआधीच ठरवायला हवं. मग कड ओली असतानाच एकाचा रंग दुसऱ्याच्या रंगात अलगद मिसळायचा. हे जमायला एकमेकांचा हात पुरता ओळखीचा असावा लागतो.

राज राज वर्मा स्वतः निसर्गचित्रकार होते. शिवाय पत्रव्यवहार, प्रवास आणि दरबारी मंडळींशी बोलणी हा भारही त्यांच्यावर असे. १८९५ ते १९०४ या काळातली त्यांची इंग्रजी रोजनिशी २००५ साली छापली गेली. दोघा भावांचं काम एकमेकांत किती गुंतलेलं होतं, हे समजायला तिच्याइतकं भरवशाचं साधन नाही.

म्हैसूरच्या राजवाड्यासाठी नऊ पौराणिक चित्रांचं काम हाती आलं आणि जानेवारी १९०५ मध्ये राज राज वर्मा गेले. मधुमेहाने थकलेल्या रवि वर्मांनी काम पुढे नेलं. २ ऑक्टोबर १९०६ ला तेही गेले.

बडोद्याला महाराजा फतेहसिंह संग्रहालयात रवि वर्मांची चित्रं पाहायला जाल, तेव्हा नायिकेचा चेहरा पाहून पुढे सरकू नका. तिच्यामागचं आकाश, पाणी आणि झाडीही नीट पाहा, आणि सोबतच्यांना धाकट्या भावाचं नाव सांगा.