नाण्यांची चांदी, तांब्याचा निळा

नवाहो या अमेरिकेतल्या आदिवासींच्या जुन्या दागिन्यांतली चांदी आधी नाणी होती. अमेरिकेचे डॉलर आणि मेक्सिकोचे पेसो मुशीत वितळवून ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोच्या ओसाड पठारांवरच्या सोनारांनी हार, कडी, कमरपट्टे घडवले. आणि हे सारं किती अलीकडचं! एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या लोकांना चांदीकाम येत नव्हतं. परंपरेने त्यांचा पहिला सोनार मानला जातो तो अत्सिदी सानी. तो आधी एका मेक्सिकन कारागिराकडे लोहारकाम शिकला होता. १८६३-६४ मध्ये अमेरिकी सैन्याने नवाहोंची शेतं जाळली आणि आठ हजारांहून अधिक माणसं शेकडो मैल पायी चालवत बॉस्क रेदोंदोच्या छावणीत नेली. १८६८ च्या तहानंतर ती परतली, तेव्हा सगळं नव्याने उभं करायचं होतं. अशा काळात ही कला बहरली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आकारही दूरवरून आलेले. हाराच्या मध्यभागी लोंबणारी चंद्रकोर, म्हणजे ‘नाजा’, स्पॅनिश घोड्यांच्या लगामावर असायची; स्पेनमध्ये ती उत्तर आफ्रिकेच्या मूर लोकांकडून आली, असं अभ्यासक मानतात. तिच्या दोन्ही बाजूंना ओवलेल्या फुलांसारख्या मण्यांचं मूळ ते स्पॅनिश पोशाखावरच्या डाळिंबाच्या आकाराच्या चांदीच्या दागिन्यांत शोधतात.

ओतकामाची पद्धत तर बघत राहावी अशी. ज्वालामुखीच्या राखेचा बनलेला मऊ, हलका दगड घ्यायचा. त्याची दोन शकलं घासून सपाट करायची, एकात नक्षी कोरायची, हवा निसटायला बारीक चर ठेवायचे, आतली बाजू धुराने काळी करायची. मग दोन्ही शकलं घट्ट बांधून वरून चांदीचा रस ओतायचा. शुद्ध चांदी वितळते ९६२ अंश सेल्सियसच्या आसपास, आणि जुने सोनार एवढी आच कोळसा अन् हातभात्यावर आणत! निघालेला सपाट तुकडा ठोकत ठोकत मनगटाच्या गोलाईत वाकवायचा. दगड मऊ असल्याने दर ओतणीगणिक साचा झिजतो.

निळा खडा, पिरोजा, मात्र तिथल्याच मातीतला. न्यू मेक्सिकोच्या चाको खोऱ्यात हजारएक वर्षांपूर्वीच्या वस्त्यांमध्ये पिरोजाचे हजारो मणी सापडले आहेत. नवाहोंच्या चार पवित्र पर्वतांपैकी दक्षिणेचा पर्वत याच खड्याचा मानतात. चांदीत पिरोजा बसवायला त्यांनी सुरुवात केली ती १८८० च्या सुमारास. खड्याभोवती चांदीची पातळ पट्टी उभी करून तिची कड आत दाबली, की कोंदण तयार.

या निळाईची गोष्ट विलक्षण आहे. कोरड्या प्रदेशात जेमतेम पडणारं पावसाचं पाणी तांबं असलेल्या खडकांतून झिरपतं. ॲल्युमिनियम आणि फॉस्फेट यांच्याशी संयोग होऊन भेगांमध्ये हा खडा साकारतो. तांब्याने तो निळा होतो, लोह मिसळलं की हिरवट. त्यावरच्या काळ्या-तपकिरी रेघा म्हणजे भोवतालचा मूळ खडकच. शिवाय तो सच्छिद्र असतो. अंगाचा घाम, तेल शोषून वर्षानुवर्षांत त्याचा रंग पालटतो.

हे दागिने म्हणजे घरची ठेवही होती. अडीनडीला ते व्यापाऱ्याकडे गहाण पडत आणि लोकर विकून पैसा आला की सुटत. १८९९ पासून रेल्वेने येणाऱ्या प्रवाशांसाठी फ्रेड हार्वी कंपनी हलके, स्वस्त दागिने घडवून घेऊ लागली. पुढे यंत्रावरच्या नकलांनी बाजार भरला. माझ्या मते ही उघड चोरी आहे, कारण त्यात ज्यांची कला त्यांच्याच पोटावर पाय येतो.

ग्रँड कॅनियन बघायला गेलात आणि असं कडं आवडलं, तर दोन गोष्टी जरूर विचारा: घडवणाऱ्याचं नाव काय, आणि खडा नैसर्गिक आहे की राळ भरून टणक केलेला? परक्या मालाला आदिवासींचा माल म्हणून विकणं हा अमेरिकेत १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे. विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.